एक काना, एक स्वल्पविराम

९ जानेवारी

भाऊजी,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही 'काय, काय' करत बसता आणि तिसऱ्यांदा तेच सांगता सांगता माझा राग विझतो. हा मला विझू द्यायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

काल एका अनोळखी बाईंचं पत्र आलं. माझं नवं पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं म्हणे. लिहितात, "ताई, पाच वर्षं तुमचं 'रोजचं' हे सदर वाचते. मित्रमैत्रिणींवर, लिहिण्यावर तुम्ही किती सुंदर लिहिता, पण देवाचं नाव निघालं की नाक मुरडता, ते मला खटकायचं. शेवटच्या प्रकरणात मात्र तुम्हीही शरण आलात. तुमच्या यजमानांनी जाताना देवाला हाक मारली आणि तुम्ही ती लपवली नाहीत. वाचून डोळे भरून आले."

मी म्हटलं, बाईंचा घोटाळा झालाय. भलत्याचं पुस्तक वाचून मला पत्र टाकलंय. तरी कपाटातून प्रत काढली. छापून आलेलं पुस्तक मी कधी उघडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. उघडायची गरजच काय, भाऊजींच्या हाताखालून गेलंय, असं मी पाच पुस्तकं लोकांना सांगत आले. आता स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय.

प्रकरण 'शेवटचे दोन शब्द'. पान एकशे सदतीस, ओळ नववी. मी लिहिलं होतं: पेंटर म्हणाला, "देव नाही."

छापलंय: पेंटर म्हणाला, "देवा, नाही."

एक काना आणि एक स्वल्पविराम. एवढ्यानं माझा नवरा, तुमचा शाळेच्या बाकापासूनचा दोस्त, गेल्यावर आठ वर्षांनी देवभोळा झाला. त्याच्या खालच्या परिच्छेदात मी लिहिलंय की हे ऐकून मला हलकं वाटलं, कुणाच्या इच्छेनं नाही, तो आपला आपण गेला. आता ते वाचणाऱ्याला वाटणार, बाईला लिहिता येत नाही, वरचं एक आणि खालचं भलतंच.

हे कसं झालं ते मला कळलंच पाहिजे. प्रकाशक मार्चमध्ये दुसरी आवृत्ती काढतोय. त्याआधी उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी घालायची: 'पृष्ठ १३७, ओळ ९, "देवा, नाही" ऐवजी "देव नाही" असे वाचावे.' चूक कुणाची तेही त्यात छापायचं. तेवढं नाव लगेच कळवा.

वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

माझा नमस्कार आहे. घ्यायचा तर घ्या, नाहीतर तिथेच राहू द्या.

तुमचं पत्र मिळालं. वाईट वाटलं. चाळीस वर्षांच्या कामात चूक राहिलीच नाही असं म्हणणारा प्रूफ तपासनीस खोटारडा. राहते. एकदा एका शिक्षणाधिकाऱ्याच्या गौरवग्रंथात 'विद्वान'च्या जागी 'विधवान' राहिलं होतं आणि ते पान त्याच्या बायकोनंच पहिल्यांदा उघडलं.

अक्षरजुळणीत काय काय होतं ते तुम्हाला घरी बसून कळायचं नाही. मजकूर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जातो, टंक बदलतो, काने-मात्रे इकडचे तिकडे होतात. कुठे कुणाचा हात लागला हे आता शोधून काय मिळणार? शुद्धिपत्र काढायचं तर काढा. पण एका अक्षरासाठी प्रत्येक प्रतीत चिठ्ठी घातली की लोकांचं लक्ष नेमकं तिथेच जातं, हा अनुभवाचा सल्ला.

तब्येतीची काळजी घ्या. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? लेकीला, ठमीला आशीर्वाद.

भाऊजी


१८ जानेवारी

भाऊजी,

माझ्या रक्तदाबाची चौकशी पुरे. तो वाढवायचं काम तुम्हीच केलंत.

काना एकवेळ चुकून चिकटेल. त्याच्यामागोमाग स्वल्पविरामही चुकून येतो? हातात हात घालून? मी बावळट दिसले तरी इतकी नाही.

परवा मी थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेले. मागच्या खोलीत जुन्या प्रुफांचे गठ्ठे असतात. तिथला माणूस म्हणाला, "बाई, धूळ आहे, मी शोधून ठेवतो, उद्या या." म्हटलं, धूळ मला काही करत नाही, तुम्ही शिडी धरा. तास गेला. शिंका येऊन येऊन नाक लाल झालं, पण गठ्ठा सापडला. पान एकशे सदतीस.

'देव'च्या 'व'पुढे लाल काना. त्याच्यापुढे लाल स्वल्पविराम. समासात तुमची ती नेहमीची बारीक खूण आणि शेजारी सहीची दोन अक्षरं. किती ठसठशीत. हात जरासुद्धा हललेला नाही.

म्हणजे यंत्र नाही, टंक नाही, कुणी तिसरा नाही. तुम्ही. आणि वर मला लिहिता की कुणाचा हात लागला हे शोधून काय मिळणार.

गेली पंचवीस वर्षं रोज सकाळी सहा ते आठ मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते. लिहिताना मनात दोनच माणसं असतात. एक पेंटर, ज्याला मी वाचून दाखवायचे आणि जो ब्रश धूत धूत 'हं' म्हणायचा. दुसरे तुम्ही. तुम्ही वाचणार आहात म्हणून मी वाक्य खोटं लिहीत नाही, असं मी एका मुलाखतीत सांगितलंय. जाऊन ते शब्द परत मागून आणावेत असं वाटतंय.

का केलंत, ते सरळ लिहा. आडवळण चालणार नाही.

वहिनी


२५ जानेवारी

वहिनी,

हो. मी केलं. डोकं ठिकाणावर असताना केलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

तुम्हाला राग आलाय, मला माहीत आहे. आता माझा ऐका. तो आठ वर्षांचा शिळा आहे.

लेखकाच्या मजकुराला मी हात लावत नाही. एकानं सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहिलं होतं. मी समासात प्रश्नचिन्ह टाकलं, सूर्य हलवला नाही. पण तो लेखक त्याच्या सूर्याबद्दल लिहीत होता. तुम्ही माझ्या मित्राबद्दल लिहिलंत, आणि मी त्या खोलीत होतो.

आठवून बघा. अर्धांगाच्या झटक्याला सहा दिवस झाले होते, त्याची जीभ जड झालेली. दुपार होती. तुम्ही खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून टॉवेल पिळत होतात. ठमी पायाशी. मी उशीजवळ, आणि माझा उजवा कान, म्हणजे धड असलेला कान, त्याच्या तोंडापासून वीतभर. मी फक्त विचारलं होतं, दोन मिनिटं हळू आवाजात प्रार्थना म्हणू का. तुम्ही म्हणालात, "ती भानगड या खोलीत नको, बाहेर जाऊन करा." मी म्हटलं, खोली पेंटरची आहे. तुम्ही म्हणालात, नवरा माझा आहे. शब्दानं शब्द वाढला. शेवटी मी वाकून विचारलं, "पेंटर, तूच सांग." आणि त्यानं सांगितलं. "देवा, नाही."

'देवा' हे संबोधन आहे वहिनी. जो नाहीच त्याला कुणी हाक मारत नाही. आणि 'नाही' म्हणजे मला आत्ता जायचं नाही, एवढाच अर्थ. मरणाऱ्या माणसाचं साधं बोलणं. ते तुम्ही उचललंत, त्यातला काना खाल्लात आणि त्याचं घोषवाक्य केलंत. महिन्याभरात ते सदरात आलं. मग भाषणांत. टाळ्या पडायच्या, मी मागच्या खुर्चीत बसलेला असायचो. बोललो नाही. तुम्ही दुःखात आहात, वर्तमानपत्र उद्या रद्दीत जातं, असं म्हणून सोडून दिलं. पण पुस्तक रद्दीत जात नाही. ते पान समोर आलं आणि हात आपोआप गेला.

आणखी एक सांगतो, लागेल. तुम्हाला एखादी गोष्ट वाक्यात नीट बसली की ती खरी वाटायला लागते. मी तुमची पाच पुस्तकं तपासली आहेत, मला माहीत आहे.

भाऊजी


३० जानेवारी

भाऊजी,

लागलं. लागावं म्हणूनच लिहिलंत, तेव्हा पोच देते.

आता माझ्या बाजूचंही वाचा. पेंटर गेला तेव्हा घरात रीघ लागली होती. जो येईल तो माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, देवाची इच्छा. पन्नास वर्षांचा हातीपायी धड माणूस, शिडीवर चढून तीन मजली पाटी रंगवणारा, आणि म्हणे कुणाची तरी इच्छा. त्या वेळी माझ्याजवळ फक्त ते दोन शब्द होते. देव नाही. म्हणजे कुणी नेलं नाही, कुणी शिक्षा केली नाही, मी कमी पडले म्हणून नाही. त्या शब्दांना धरून मी उठले, चहा केला, ठमीला कामावर धाडलं, लिहायला बसले. तुम्हाला ते घोषवाक्य वाटलं. माझ्या पायाखाली तेवढीच फरशी होती, आणि ती तुम्ही लाल पेनानं उखडलीत.

पेंटर देवाला मानायचा की नाही याची साक्ष तुम्ही कुठून काढलीत? त्यानं प्रार्थनामंदिराची पाटी आणि दारूच्या दुकानाची पाटी सारखंच मन लावून रंगवली. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "अक्षर किती इंची हवं तेवढं सांगा." माझ्याशी तेवीस वर्षं संसार केला त्यानं. मला त्याचं बोलणं कळतं. तुमचा धड कान तुम्हाला लखलाभ असो.

शुद्धिपत्र निघणार. त्यात तुमचं नाव असणार. सही करून पाठवा, नाहीतर मी सहीशिवाय छापते. आणि यापुढे माझं कुठलंही पान तुमच्याकडे येणार नाही. मैत्रीवर मी इतकं लिहिलंय की मलाच त्याची लाज वाटायला लागली आहे.

वहिनी


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर आलं नाही. मला ते नकोच होतं. पण आता एक हवं आहे.

ठमी चार दिवसांसाठी आली होती. पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर ती मटार सोलत होती आणि मी तुमची पत्रं तिला वाचून दाखवली. अगदी आवाज काढून, तुमच्या 'वहिनी'सकट. मला वाटलं पोरगी माझ्या बाजूनं भांडायला उठेल. ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "आई, बाबा यातलं काहीच म्हणाले नाहीत."

मी म्हटलं, म्हणजे काय?

म्हणाली, "ते म्हणाले, दे वही."

ती वही भाऊजी. शाळेची, दोनशे पानी, दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. बोलणं कुणाला कळेना तेव्हापासून तो डाव्या हातानं तिच्यात लिहून दाखवायचा. पाणी. उशी. पंखा बारीक कर. मोत्यासारखं अक्षर असलेला माणूस, आणि पोराटोरांसारखी वेडीवाकडी अक्षरं काढायचा. मी ती वही पार विसरले होते. खरंच विसरले होते.

मी ठमीवर ओरडले. म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती म्हणाली, "मी पायाशी होते. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी वही शोधायला लागले. स्टुलावर नव्हती, उशीखाली नव्हती. आणि तुम्ही दोघं एकमेकांना विचारत होतात, 'ऐकलंत ना? ऐकलंत ना?' दोघांचेही चेहरे जिंकल्यासारखे झाले होते. मग त्यांनी डोळे मिटले." संध्याकाळी तर तो गेलाच.

आठ वर्षं गप्प का बसलीस, विचारलं. म्हणाली, "तू महिन्याभरात लिहून मोकळी झालीस. लोक तुला रडून पत्रं पाठवत होते. मी त्यात कुठे सांगत बसू की बाबांना फक्त वही हवी होती?"

ती गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले, गालात कापसाचा बोळा धरला आणि म्हणून पाहिलं. दे वही. देव नाही. देवा, नाही. पाच-सहा वेळा म्हटल्यावर माझं मलाच कळेना काय म्हणतेय. तुम्ही म्हणालात ना, मला वाक्यात बसलं की खरं वाटतं? मला चांगला शेवट सापडला होता आणि मी तिथेच ऐकायचं थांबवलं. तुमच्यावर चिडायला सोपं होतं. हे कुणावर काढू?

पण तुमची सुटका नाही. वही रोज स्टुलावर असायची. त्या दुपारी नव्हती. खोलीत आपण तिघंच. मी खिडकीशी, ठमी पायाशी. उशीजवळ तुम्ही होतात.

वही कुठे होती?

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

वही माझ्या हातात होती.

हे एक वाक्य लिहायला मला वीस दिवस लागले. आता पुढचं लिहून टाकतो.

तुम्हाला माझी खोड माहीत आहे. अक्षर दिसलं की पेन निघतं. हॉटेलात मेन्यूकार्ड सुधारतो, तुम्ही आणि पेंटर मला हसायचात. त्या दुपारी तुमच्याशी भांडताना हाताला चाळा हवा होता. वही पांघरुणावर उघडी पडली होती. मी उचलली, पलंगाच्या कडेआड धरली आणि सुधारायला लागलो. 'पाणि'चं 'पाणी' केलं. 'ऊशी'चं 'उशी' केलं. तोंडानं तुमच्याशी देवावर भांडत होतो आणि हातानं माझ्या मरणाऱ्या मित्राचं शुद्धलेखन सुधारत होतो.

त्यानं ते शब्द म्हटले तेव्हा हात पुढे केला होता, डावा. तुमची पाठ होती, तुम्हाला दिसलं नाही. मला वाटलं देवाचं नाव घेऊन तो माझा हात मागतोय. मी वही दुसऱ्या हातात घेतली, पाठीमागे, आणि त्याचा हात घट्ट धरला. त्यानं सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मला वाटलं, कळ येतेय. मी आणखी घट्ट धरला.

त्या गडबडीत वही माझ्या पिशवीतून घरी आली. चार दिवसांनी सापडली. परत द्यायला तोंड नव्हतं म्हणून शब्दकोशांच्या मागे ठेवली. देव साक्षी आहे, त्या दिवसापासून उघडली नव्हती. परवा उघडली.

सोबत पाठवतो आहे. शेवटचं लिहिलेलं पान पाहा. तुम्ही पाहण्याआधी मीच सांगतो, म्हणजे तुम्हाला बसायला वेळ मिळेल. त्यानं ठमीसाठी लिहिलं होतं:

या दोघाना बाहेर काढ

ते दाखवायला त्याला वही हवी होती, असं मला वाटतं. आणखी काही लिहायचं असेल तर ते आता कुणालाच कळणार नाही.

'दोघाना'वर लाल अनुस्वार दिसेल. वाक्याच्या शेवटी लाल पूर्णविराम दिसेल. दोन्ही माझे. म्हणजे ते वाक्य माझ्या नजरेखालून गेलं, मी ते तपासलं, बरोबर केलं आणि पान उलटलं. वाचलं नाही. प्रूफ तपासताना अर्थात शिरायचं नसतं वहिनी. अर्थात शिरलं की चूक सुटते. नव्यानं कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच शिकवत आलो.

तुमचं पत्र आल्यापासून संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो नाही. डोळे मिटले की तो हात ओढून घेतल्यासारखा वाटतो. देवावरचा माझा विश्वास गेला असं म्हणणार नाही. त्याच्यासमोर बसायची हिंमत होत नाही, एवढंच.

शुद्धिपत्रात काय हवं ते छापा. सगळी चूक माझी, नाव फक्त माझं घाला. कोऱ्या कागदावर सही करून सोबत ठेवली आहे.

भाऊजी


२१ मार्च

भाऊजी,

वही मिळाली.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा हसू आलं. ते वाक्य वाचून मी एकटीच टेबलाशी बसून इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. आठ वर्षांनी त्याचा आवाज कानावर आला. अगदी तस्सा. घरात तुमची-माझी जुंपली की ब्रश बाजूला ठेवून तो असंच म्हणायचा, दोघं बाहेर जा आणि काय ते करा, मला रेघ सरळ काढायचीय. मग मात्र जे रडू आलं ते अजून मधूनमधून येतंय.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जायचाही नाही बहुतेक, सवय करून घ्या. त्या माणसाला शेवटची एक गोष्ट सांगायची होती आणि ती तुम्ही पाठीमागे धरून उभे होतात, हे आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं. पण मग माझं मलाच दिसतं की मी काय करत होते. टॉवेल पिळत होते. कोरडा झालेला टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत होते, तुम्हाला पाठमोरं उत्तर द्यायला बरं पडतं म्हणून. तुम्ही चुकीच्या समजुतीनं का होईना, त्याचा हात धरलात. तो बोलला तेव्हा मी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तुमची कोरी सही फाडून टाकली. सगळी चूक एकट्याच्या नावावर करून घ्यायला निघालात, लाज नाही वाटत? त्यानं 'या दोघाना' लिहिलंय. त्यात मी आहे. माझी जागा मी तुम्हाला देणार नाही.

शुद्धिपत्र निघणार नाही. प्रकरणच नव्यानं लिहिलंय. तीन सकाळी लागल्या. देव आहे की नाही, यावरची तीन पानं काढून टाकली. पेंटर त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, आणि मला स्वतःला आता काही सांगता येत नाही. हलकं वाटल्याचा तो परिच्छेदही काढला. लोक म्हणतील, पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान बाईनं घालवलं. प्रकाशक तर म्हणालाच. म्हणू देत. टाळ्या घेताना मी कुणाला विचारलं नव्हतं.

शेवट असा आहे: पेंटर म्हणाला, "दे वही." आम्ही दिली नाही. वहीत लिहिलं होतं, आणि त्याखाली त्याचं वाक्य. त्यानं लिहिलं तसं. तुमचे दोन्ही लाल काढून टाकले आहेत. अनुस्वार नाही, पूर्णविराम नाही. ते शुद्धलेखन त्याचं आहे.

प्रूफ सोबत आहे. यापुढे एक पान पाठवणार नाही म्हटलं होतं, ते माझ्या लक्षात आहे, तुम्ही आठवण करून द्यायला नको. दुसऱ्या कुणाकडे दिलं तर तो तिथे अनुस्वार दिल्याशिवाय राहणार नाही. तुमचा हातही शिवशिवेल. शिवशिवू दे. आधी सगळं तपासा. मग ते पान नुसतं वाचा.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

प्रूफ परत पाठवतो आहे. पान एकशे एकतीसवर 'तीने' होतं, 'तिने' केलं. एकशे चौतीसवर एक अवतरणचिन्ह उघडून बंद करायचं राहिलं होतं. आणखी काही नाही.

एकशे सदतीसला हात लावलेला नाही. पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं आणि वाचलं. वाचून झाल्यावर उठलो आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

भाऊजी